साचा कोणाच्या मालकीचा?

(मोटार-दुरुस्ती कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले त्या माणसाने जुन्या फ्रेंच मोटारीच्या डागडुजीवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून आपल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला विचारलेही की, सर, आपण एस. टी.ची आणि लोकलची काळजी करायची की खासगी मोटारींची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देऊन मी पुढे जातो. ज्या समाजात सर्वांना वेळेवर बस मिळते, त्या समाजात मोटारीवाचून कोणाचे अडू नये, हे आपले मत होते आणि आहे. परंतु जी यंत्रे समाजाने एकदा निर्माण केली, ज्यांत लोखंड, कोळसा, वीज आणि माणसाचे श्रम ओतले गेले, ती किती काळ चालावीत आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न खासगी मोटारीपुरता राहत नाही. शेतकऱ्याच्या पंपाला, शिवणयंत्राला, इस्पितळातल्या उपकरणाला तो तसाच लागू आहे. मोटारीचे उदाहरण मी अशासाठी घेतो की ती तुमच्या हाताखालची गोष्ट आहे. माझे काही चुकले, तर तुम्ही मला जागच्या जागी थांबवू शकाल.

ज्या गाडीविषयी बोलणार आहे ती तुमच्यातील वयस्क मंडळींना ठाऊक आहे. प्यूजो ३०९. प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवाना पद्धती सरकारने १९९३ साली उठविली, आणि त्यानंतर ज्या परदेशी कंपन्या येथे उतरल्या त्यांतील ही एक. प्रीमियर ऑटोमोबाइल्सबरोबर तिने संयुक्त उद्योग उभारला आणि १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या. मागचे दार छपरापासून वर उघडणारी, आटोपशीर बांध्याची ही गाडी. पेट्रोलचे इंजिन १३६० सी. सी.चे, डिझेलचे १५२७ सी. सी.चे. त्या वेळच्या आपल्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या मानाने तिची बैठक आणि रस्त्यावरची पकड फार वरच्या दर्जाची होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले. पुढे भागीदारांत बेबनाव झाला, कारखान्यात अशांतता माजली आणि १९९७च्या सुमारास फ्रेंच कंपनीने अंग काढून घेतले. गाड्या मात्र येथेच राहिल्या.

या गाडीच्या जन्माची हकीकतही आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्यूजोने १९७८ साली क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचा युरोपातील धंदा विकत घेतला आणि त्याला टाल्बो हे जुने नाव दिले. ३०९ ही मुळात टाल्बोची म्हणून इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे आखली गेली होती. टाल्बोचा मोठा कारखाना पॅरिसजवळ प्वासी येथे होता आणि तेथे हजारो स्थलांतरित कामगार, विशेषतः मोरोक्कोतून आलेले, जुळणीच्या पट्ट्यावर राबत होते. १९८३च्या डिसेंबरात तेथे संप झाला. कंपनीला कामगार कमी करायचे होते, आणि समाजवादी-साम्यवादी मंत्रिमंडळाने १,९०५ जणांच्या कपातीला मान्यता दिली. १९८४च्या जानेवारीत कारखान्याच्या आवारात संपकरी आणि संपविरोधी कामगार यांच्यात तुंबळ मारामारी झाली. सत्तेवर आपल्या विचाराचे लोक असले म्हणजे कामगाराच्या पोटाचा प्रश्न आपोआप सुटतो, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून अभ्यासावे. असो. १९८५ साली त्याच प्वासीत आणि इंग्लंडातल्या रायटनला ३०९ तयार होऊ लागली. तिची थोरली बहीण म्हणजे १९८३ सालची प्यूजो २०५. ही १९९८ पर्यंत चालली आणि बावन्न लाखांहून अधिक बनली. ३०९च्या बाजूची दारे २०५चीच आहेत, मागचा आसही त्याच घडणीचा आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता दुरुस्तीकडे येतो. कोणत्याही यंत्राची एक ठरलेली दुखरी जागा असते. या गाड्यांची ती मागच्या आसात आहे. दोन्ही चाकांचे आडवे हात एका पोलादी नळीत सुईच्या आकाराच्या रोलरांच्या बेअरिंगवर फिरतात, आणि स्प्रिंगचे काम पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी, म्हणजे टॉर्शन बार, करतात. मांडणी अतिशय हुशारीची आहे. जागा कमी व्यापते, म्हणून मागे सामानाला सपाट तळ मिळतो. पण नळीच्या टोकाचे सील कडक झाले की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, सुया गंजतात आणि ज्या शाफ्टवर त्या फिरायच्या तोच खाऊ लागतात. मालकाला प्रथम काही कळत नाही. खड्ड्यात कुरकुर होते, बसणी टणक वाटते, टायर आतल्या कडेने झिजतो. मग एके दिवशी मागून पाहणाऱ्याला दिसते की दोन्ही चाके वरच्या बाजूने आत कलली आहेत.

वेळीच लक्ष दिले तर हा खर्च सील, बेअरिंग आणि एका दिवसाची मजुरी एवढाच. उशीर झाला तर शाफ्ट आणि नळी दोन्ही जातात. कांब ओढून काढताना ती कोणत्या दात्यात बसली होती याची खूण करावी लागते, कारण तिच्या दोन टोकांवरील दात्यांची संख्या वेगळी असते आणि त्या फरकावरच गाडीची उंची बारकाईने लावता येते. डावी कांब उजवीकडे चालत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याने हात घातला तर गाडी एका अंगाला झुकून घरी जाते.

हेच काम फ्रान्समध्ये कसे होते आणि येथे कसे होते, यात अर्थशास्त्राचा एक धडा आहे. तेथे तासाची मजुरी महाग आहे. म्हणून गॅरेजवाला नळी उघडत बसत नाही. दुरुस्त करून तयार ठेवलेला संपूर्ण आस येतो, जुना उतरतो, नवा चढतो, आणि उतरलेला आस दुरुस्तीच्या कारखान्यात परत जातो. तेथे एकाच प्रकारचे शेकडो आस एकामागून एक हाताखालून जातात, म्हणून दर आसामागे लागणारे श्रम घटतात. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि तयार आस दुर्मीळ. म्हणून आपला टर्नर खाल्लेला शाफ्ट लेथवर धरतो, तो घासून त्यावर बुश चढवतो, नळीला आतून स्लीव्ह घालतो आणि बाजारात मिळणाऱ्या मापाचे बेअरिंग बसवतो. दोन्ही पद्धतींत गाडी चालू लागते. पहिली मागासलेली नाही आणि दुसरी ‘जुगाड’ म्हणून हिणविण्यासारखी नाही. ज्या समाजात जे विपुल आहे ते वापरून जे दुर्मीळ आहे ते वाचविणे, एवढेच दोघांनी केलेले असते. हे वर्गात शिकवायला मला एक तास लागत असे. लेथवरचा माणूस ते अर्ध्या दिवसात करून दाखवतो.

रचनेतच दुरुस्ती गृहीत धरण्याची एक जुनी फ्रेंच परंपरा होती, तिचाही उल्लेख केला पाहिजे. रेनो ५चे लोखंडी इंजिन घ्या किंवा २०५ मधील अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकचे छोटे पेट्रोल इंजिन घ्या. दोहोंत सिलिंडरचे लायनर सुटे आहेत आणि त्यांच्याभोवती थेट पाणी खेळते. लायनर झिजले तर ब्लॉक बोअर करण्याची गरज नाही. जुने काढायचे, पिस्टनसह नवे बसवायचे. लहान गावातल्या, मोठे यंत्र नसलेल्या गॅरेजलाही ते जमावे अशी ती योजना होती. मात्र हेड उतरवल्यावर लायनर दाबून धरणारे क्लँप लावल्याखेरीज क्रँक फिरवायचा नाही. फिरवला की लायनर जागेवरून उठतात, बुडाचे सील सुटते आणि पाणी तेलात जाते. येथेही प्रश्न ज्ञानाचा आहे. रेनो ४ आणि पहिली रेनो ५ यांच्या मागच्या कांबी एकापुढे एक बसविलेल्या असल्यामुळे दोन बाजूंच्या चाकांमधील अंतरे मुळातच काही सेंटिमीटरांनी वेगळी आहेत. हे ज्याने वाचलेले नाही, तो मिस्त्री टेप लावून पाहील आणि गाडीला अपघात झाला आहे असे शपथेवर सांगेल!

हे ज्ञान फ्रान्समध्ये कंपनीच्या कपाटात राहिले नाही. ‘रव्ह्यू तेक्निक ऑतोमोबील’ हे नियतकालिक १९४६ पासून निघू लागले, आणि त्यात एकेका मॉडेलची संपूर्ण उकल, मापांसह व चित्रांसह, छापली जात असे. कोणताही गॅरेजवाला, किंबहुना कोणताही गाडीमालक, तो अंक विकत घेऊन काम करू शके. नव्या गाड्यांत संगणक आला आणि ती सोय धोक्यात आली. तेव्हा २००२ साली युरोपीय संघाने नियम केला की तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांनाही दिली पाहिजे. आपल्याकडे असा ज्ञानाचा सार्वजनिक साठा कधी झाला नाही. आपल्या मिस्त्रींचे ज्ञान त्यांच्या बोटांत आणि वंगणाने काळ्या झालेल्या डायऱ्यांत आहे. माणूस गेला की तेही जाते.

आता कल्याणच्या गाड्यांकडे परत येऊ. कंपनी गेल्यानंतर या गाड्यांचे काय झाले? पुण्यात नाना पेठेच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री होते, ज्यांनी या गाड्यांची सेवा पुढे बरीच वर्षे केली. मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. सुट्टीतला तो माझा एक अभ्यासवर्गच होता. इंजिनाचे सामान कोठून आणता, असे मी विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “सर, इंजिनाची काळजी करू नका. इंजिनाला बाप मिळाला आहे.” त्यांचे म्हणणे असे होते की १९९०च्या दशकाच्या अखेरीस मारुतीने आपल्या झेन आणि एस्टीम गाड्यांच्या डिझेल आवृत्तीत प्यूजोचेच १५२७ सी. सी.चे इंजिन घातले. त्यामुळे ज्या इंजिनाला देशात वारस उरला नव्हता त्याला दुसऱ्या घराण्याच्या नावाने पुन्हा सामान मिळण्याची वाट उघडली. “मग तुमचे अडते कशावर?” असे विचारता त्यांनी समोरच्या गाडीवर हात ठेवून सांगितले, “पुढची काच. मागचा दिवा. दाराचे रबर. एवढे आणून द्या, बाकी मी बघतो.”

मित्रहो, माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा त्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या या उत्तरात आहे. एरवी आपण समजतो की गाडी इंजिनामुळे मरते. वस्तुतः इंजिन, आस, ब्रेक, क्लच हे सारे भाग असे आहेत की ते एकेक करून बनविता किंवा सुधारता येतात. लेथला एक नग काय आणि शंभर नग काय, फारसा फरक पडत नाही. पण दिव्याचे भिंग, वाकविलेली काच, बंपर, डॅशबोर्ड हे भाग साच्यातून निघतात. साच्याचा खर्च एकदाच आणि प्रचंड. नंतरच्या नगाची किंमत नगण्य. लाखो नगांवर तो खर्च पसरला तर दिवा स्वस्त पडतो. एकाच गाडीसाठी साचा करायचा म्हटले तर दिव्याची किंमत गाडीच्या पुढे जाते. लेथ तुमच्या गल्लीत आहे. साचा ज्याच्या मालकीचा आहे त्याच्या गोदामात आहे. तो निघून जातो तेव्हा साचा बरोबर नेतो किंवा भंगारात घालतो. आणि मग उत्तम चालणारे इंजिन, फुटलेल्या काचेपायी, पत्र्याच्या भावाने विकले जाते. मालकाजवळ गाडीची सर्व कागदपत्रे असतात. गाडी त्याच्या मालकीची असते, पण तिचे आयुष्य त्याच्या मालकीचे नसते.

ही स्थिती फक्त आपल्यासारख्या देशाची आहे असे समजू नका. खुद्द फ्रान्समध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या भागांवर, म्हणजे बंपर, पुढचे पंखे, दिवे, आरसे, काचा यांवर, गाडीच्या कंपनीचा आकृतीविषयक हक्क चालत असे. ब्रेकचे पॅड कोणीही विकावेत; पंखा मात्र कंपनीकडूनच घ्यावा लागे. ही मक्तेदारी मोडायला २०२१चा कायदा यावा लागला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. काचांचा बाजार खुला झाला आणि इतर दृश्य भागांवरील संरक्षण पंचवीस वर्षांवरून दहा वर्षांवर आले. त्याआधी, २०१७ पासून, गॅरेजने ग्राहकाला मोडीतल्या गाडीचा वापरलेला पण चांगला भाग घेण्याचा पर्याय दिला पाहिजे, असाही दंडक आहे. हे स्वागतार्ह आहे. पण तेथेही वर्गभेद डोकावतोच. २०५ची जी वेगवान जी. टी. आय. आवृत्ती संग्राहकांच्या आवडीची झाली, तिच्यासाठी भाग पुन्हा बनविणारे पुढे येतात, कारण तो ग्राहक मागाल ती किंमत देतो. साध्या डिझेल २०५ने रोज पहाटे कामावर जाणाऱ्या गावाकडच्या माणसासाठी नवा साचा कोण करील? त्याला भंगाराच्या आवारात चिखल तुडवीत फिरावे लागते. २०१८च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून फ्रान्सच्या चौकाचौकांत जे लोक उभे राहिले, त्यांच्या रागाची ठिणगी इंधनकराची होती. पण ज्या माणसाच्या गावात बस येत नाही आणि ज्याला नवी गाडी परवडत नाही, तो त्या गर्दीत मोठ्या संख्येने होता.

सरकारांचा कल मात्र दुरुस्तीकडे नसतो, मोडीकडे असतो. फ्रान्समध्ये १९९४ साली बालादूर यांच्या सरकारने दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत देणाऱ्या नव्या ग्राहकाला ५,००० फ्रँक देऊ केले. पुढे ज्यूपे यांच्या सरकारने आठ वर्षांची मर्यादा लावून ही योजना नव्या रूपात १९९६ पर्यंत चालविली. विक्रीला भरती आली, आणि योजना संपताच ओहोटी लागली. चालत्या रेनो ४ आणि रेनो ५ दाबयंत्राखाली गेल्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात याची नोंद वाढ म्हणून झाली. दहा वर्षे जपलेल्या गाडीत साठलेले श्रम नष्ट झाले, त्याची नोंद करायला या हिशेबात रकानाच नाही. आपल्याकडे २०२१ साली मोडीचे धोरण आले. जुनी गाडी मोडीत दिल्यास नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची त्यात तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नव्याने करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. नवी गाडी घेणाऱ्याला बक्षीस आणि जुनी जपणाऱ्याला दंड, असे या धोरणाचे सरळ रूप आहे.

यावर प्रदूषणाचा आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या डिझेल गाडीच्या धुरात काजळी अधिक असते आणि ती रस्त्याकडेला राहणाऱ्या गरिबाच्या मुलाच्या छातीत प्रथम जाते. फ्रान्सच्या शहरांसाठी २०१६ पासून जी प्रदूषणाची वर्गवारी आली तिच्यात १९९७ पूर्वीच्या मोटारींना बिल्लाच मिळत नाही. दिल्लीत न्यायालयीन आदेशांनी डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली, आणि २०२५ सालीही त्यावरून ओढाताण चालूच होती. माझे म्हणणे एवढेच की, तपासणी यंत्राची करा, जन्मदाखल्याची नको. तीन हजार किलोमीटर वर्षाला चालणारी, इंजेक्टर आणि फिल्टर वेळेवर बदललेली जुनी गाडी आणि साठ हजार किलोमीटर धावणारी, कधीच न जपलेली सात वर्षांची गाडी यांत हवा अधिक कोण बिघडविते, हे वयाच्या कोष्टकावरून कळत नाही. फ्रान्सने १९९२ पासून सक्तीची तांत्रिक तपासणी सुरू केली. आता गाडी चार वर्षांची झाल्यावर पहिली आणि मग दर दोन वर्षांनी. तपासणी प्रामाणिक असेल तर नापास झालेली गाडी खुशाल थांबवा. आणि नवी गाडी बनवितानाही खाणीत, भट्टीत आणि कारखान्यात धूर निघतोच. तो शहराबाहेर निघतो, म्हणून शहरातल्या शहाण्यांना दिसत नाही, इतकेच.

मग मागायचे काय? आपल्या देशात या दिशेने काहीच घडलेले नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांच्या फेऱ्यांत सापडले. पण तुमच्यासारख्यांची अडवणूक होते, ही गोष्ट देशातील एका अधिकृत पीठाने लेखी मान्य केली, हे काही थोडके नाही. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही तिच्या कक्षेत घेतल्या. परंतु या साऱ्यात विचार झाला तो येथे धंदा करीत असलेल्या कंपनीचा. जी कंपनी गाशा गुंडाळून जाते तिचे काय? प्यूजोनंतर डेवू गेली, २०१७ साली जनरल मोटर्सने येथील विक्री थांबविली, २०२१ साली फोर्डने उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दर वेळी कामगार आणि ग्राहक दोघेही उघड्यावर आले. कामगारांच्या देण्यांसाठी निदान कायदा आहे, लढा आहे. यंत्राच्या देण्याविषयी कोणी बोलत नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी की, देशात मोटारीचे उत्पादन करण्याची मुभा ज्याला मिळते त्याने प्रत्येक मॉडेलचे आराखडे, मापे आणि साच्यांची सूची सरकारी संस्थेकडे ठेव म्हणून ठेवावी. आणि तो धंदा बंद करील त्या दिवशी काच, दिवे, रबर यांचे साचे त्याने भंगारात न घालता योग्य किमतीला सार्वजनिक संस्थेच्या हवाली करावेत. आपल्या २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीकृत आकृतीला दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे १९९४च्या गाडीचा दिवा बनवायला आज त्या कायद्याची आडकाठी उरलेली नाही. हक्क मोकळा झाला आहे, पण साच्यावाचून तो कागदावर आहे. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, केंद्र सरकारचे टूल रूम आहे. साचे घडविणारे कुशल हात तेथे तयार होतात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतूनही टूल अँड डाय मेकरचे विद्यार्थी बाहेर पडतात. या मुलांना परीक्षेसाठी कसला तरी काल्पनिक नमुना घडवायला देण्याऐवजी बाजारातून नाहीशा झालेल्या दिव्याचा साचा घडवायला दिला, तर त्यात बिघडते काय? थोड्या नगांसाठी तर पोलादी साचाही लागत नाही. शाबूत दिव्यावरून सिलिकॉनचा साचा काढून रेझिन ओतता येते, आणि त्यातून काही डझन नग मिळतात. दिव्याची भिंगे, बटणे, मुठी यांना ते पुरते. पुढच्या काचेला मात्र ते चालणार नाही. तेथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि प्रमाणित काचच हवी. ३०९च्या दाराच्या काचा २०५च्या असल्याने परदेशातून मिळू शकतात, पण एकट्याने एक काच मागवली तर वाहतूक आणि जकात मिळून जीव नकोसा होतो. वीस जणांनी मिळून मागवली तर खर्च आवाक्यात येतो. हे काम सहकारी संस्थेचे आहे. साखर कारखाने आणि दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्राला गॅरेजवाल्यांची एक खरेदी-संस्था उभारता येऊ नये, हे मला पटत नाही.

पण कायदा होईल तेव्हा होईल. त्याआधी एक काम आपल्याच हातातले आहे. कोणत्या बंद पडलेल्या गाडीला कोणत्या चालू गाडीचा कोणता भाग बसतो, कोणत्या मापाचे बेअरिंग आणि कोणते सील चालते, स्लीव्ह किती जाडीची घालावी, कोणत्या टर्नरने हे काम पूर्वी केले आहे, याची नोंद आजवर कोणी एकत्र केलेली नाही. ३०९पासून सुरुवात करू, कारण तिच्यावर काम केलेले मिस्त्री आज सत्तरीत आहेत आणि थांबायला वेळ नाही. संयोजकांनी दोनशे पानी वह्या आणून ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक गॅरेजने एक घेऊन जावी. डाव्या पानावर गाडी, मॉडेलचे साल आणि भाग लिहा; उजवे पान मापांसाठी आणि कच्च्या आकृतीसाठी मोकळे ठेवा. माप मिलिमीटरमध्ये लिहा आणि ते नव्या भागाचे आहे की झिजलेल्या, हे त्याच्याशेजारी नमूद करा. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्याकडे आमचे दोन विद्यार्थी दर रविवारी सकाळी येऊन बसतील. तुम्ही सांगा, ते उतरवून घेतील. दिवाळीपर्यंत या वह्या परत आल्या, तर त्यांची पहिली यादी छापण्याचा खर्च मी आणि माझे काही निवृत्त सहकारी उचलणार आहोत.